अभ्यासिकेचा प्रिंटर आणि सात फोन: प्रकल्प नोंदी

शनिवार, ८ नोव्हेंबर २०२५

कोल्हापुरातल्या आमच्या तालमीच्या माडीवरच्या अभ्यासिकेसाठी दिवाळीत पेठेत घरोघरी फिरून जुन्या वस्तू मागितल्या होत्या. आज मोजदाद केली. सात फोन, एक डेस्कटॉप संगणक, एक लेसर प्रिंटर. संगणकावर डेबियन ही खुली, फुकट मिळणारी सिस्टीम घातली, मराठी इनस्क्रिप्ट कळफलक चालू केला, तो कामाला लागला.

अभ्यासिकेत तीसेक पोरंपोरी बसतात. कुणी पोलीस भरतीचं करतंय, कुणी एमपीएससीचं, काही दहावीची. स्वतःचा फोन हातात घेतला की अर्धा तास कुठं जातो कळत नाही, असं तीच सांगतात. म्हणून या सात फोनांत जुन्या प्रश्नपत्रिका, शब्दकोश आणि वाचायची पुस्तकं एवढंच ठेवायचं. टेबलावरून उचलायचा, वाचायचं, परत ठेवायचा. प्रिंटर यासाठी की कागद आणि पावडरीच्या खर्चात पोरांना प्रिंट मिळावी.

मी दिवसा उद्यमनगरात सीएनसी मशिनांची दुरुस्ती करतो, त्यामुळं हे काम संध्याकाळी साडेसातनंतर किंवा सोमवारी, सुट्टीच्या दिवशी. जोडीला दोघं आहेत. एक पोरगी, अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला. दुसरा गगनबावड्याकडचा पोरगा, पहाटे दूध टाकतो आणि दिवसभर भरतीचा अभ्यास करतो. काय केलं आणि कुठं अडलं हे लिहून ठेवतोय. पुढं दुसऱ्या तालमीनं हे करायचं ठरवलं तर त्यांचा वेळ वाचेल.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

प्रिंटर पहिल्या दिवशी चालला. बावीस पानं छापली. आज चालू केला तर लाल दिवा आणि पडद्यावर सूचना: काट्रिज कंपनीचं नाही, बदला. काट्रिज तेच. पावडर तीच. मधल्या चार दिवसांत एकच गोष्ट घडली, आम्ही तो वायफायला जोडला. त्यानं आपणहून नवं फर्मवेअर, म्हणजे प्रिंटरच्या आतला प्रोग्राम, उतरवून घेतलं आणि रिफिल केलेलं काट्रिज ओळखायला शिकला.

काट्रिजच्या कडेला नखाएवढी चिप असते. ती पानं मोजते आणि हे काट्रिज कुणाचं ते प्रिंटरला सांगते. छपाईला तिची गरज नाही. पावडर, ड्रम, तापणारा रोलर यांना चिपशी काही देणंघेणं नसतं. चिप आहे ती फक्त नाही म्हणण्यासाठी.

ही गोष्ट आमच्यापुरती नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये एचपीच्या कितीतरी प्रिंटरांनी जगभर अशाच प्रकारे दुसऱ्यांची काट्रिजं घेणं बंद केलं होतं, तेव्हा मोठा गदारोळ झाला आणि कंपनीला तो बदल मागं घेण्याचा पर्याय द्यावा लागला. २०१७ मध्ये लेक्समार्कच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की काट्रिज एकदा विकलं की पेटंटच्या जोरावर कंपनी त्याच्या रिफिलला अडवू शकत नाही. निकाल चांगला लागला. पण अडवणूक न्यायालयातून उठून चिपमध्ये जाऊन बसली.

सोमवार, १७ नोव्हेंबर

जुनं फर्मवेअर परत घालून बघितलं. प्रिंटर मागचं घेत नाही, पुढचंच घेतो. शाहूपुरीतल्या रिफिलवाल्याकडं गेलो. त्यानं काउंटरखालून डबी काढली, त्यात वीस-पंचवीस जातींच्या चिपा. आमच्या नव्या फर्मवेअरला चालणारी एकही नाही. "दोन महिन्यांनी येईल," म्हणाला, "मग ते परत अपडेट काढतील." त्याचा निम्मा धंदा आता पावडर भरण्याचा नसून चिपा शोधण्याचा झालाय.

घरी आण्णांना सांगितलं. आण्णांनी चाळीस वर्षं ऑईल इंजिनं आणि पाण्याच्या मोटारी दुरुस्त केल्या. ते म्हणाले, "इंजिन घेतलं की त्याच्याबरोबर पुस्तक यायचं. प्रत्येक पार्टाचं चित्र, नंबर. पार्ट न्हाय मिळाला तर पॅटर्न करायचा, ओतून घ्यायचा, लेथवर मारायचा. कंपनी कधी इचारायला आली न्हाय, तुमी कुणाचा पिस्टन घातला म्हणून."

मला ऑगस्ट २०१९ आठवला. महापुराचं पाणी उतरल्यावर आमच्या दारात मोटारींची रांग लागली होती. चिखली, आंबेवाडीकडून ट्रॉलीतून आलेल्या, नदीकाठच्या. गाळानं भरलेल्या. आण्णा, मी आणि दोन कामगार, पंधरा दिवस झोप नव्हती. मोटार उघडायची, धुवायची, वाळवायची, गरज असेल तर नवी वायंडिंग भरायची, बेअरिंग बदलायचं. इंजिनाचं तेल काढायचं, डिझेलनं धुवायचं, परत भरायचं. दोन वर्षांनी, जुलै २०२१ ला, परत तेच. ऊस उभा होता आणि पाणी ओसरल्यावर पाणी द्यायचीच वेळ आली, तेव्हा ज्यांच्या मोटारी उघडत होत्या त्यांच्या त्या चालू झाल्या. एका शेतकऱ्याकडं नवीन बंद पेटीतला स्टार्टर होता, सगळा रेझिननं भरलेला, आत हात घालायला जागा नाही. तो फेकावा लागला. तो स्टार्टर वाईट नव्हता. पण महापुरानंतर तो उघडता येत नव्हता, आणि आमच्या भागात महापूर येतो.

माझं या विषयावरचं सगळं मत तिथूनच आलेलं आहे. वस्तू बिघडणार, बुडणार, पडणार. तेव्हा ती जवळच्या माणसाला उघडता आली पाहिजे. ती उघडू नये अशी सोय मुद्दाम केली असेल तर माझ्याकडून पैसे घेतलेत, पण वस्तू दिलेली नाही.

शनिवार, २२ नोव्हेंबर

फोन घेतले. पहिले तीन सोपे. पुसले, नव्यानं चालू केले. चालू होताच प्रत्येकात पंचवीस-तीस अ‍ॅपं आपोआप: खेळ, कर्ज देणारी, बातम्यांची, दोन खरेदीची. काही काढता येतात, बऱ्याच ठिकाणी फक्त बंद करता येतं आणि काहींना तर तेही बटण नाही. एका फोनात लॉक उघडायच्या आधीच जाहिरात दिसते. पोरांचं लक्ष भरकटू नये म्हणून हे फोन घेतोय, आणि कुलपावरच जाहिरात.

एडीबीनं, म्हणजे संगणकावरून फोनाला आज्ञा देणाऱ्या प्रोग्रामनं, ती एकेक करून काढली. पोरगी शेजारी बसली होती. मी दोन काढल्यावर म्हणाली, "दादा, सरका. मी करतो की." तिनं दीड तासात तिन्ही फोन साफ केले. जो हे करेल त्यानं एक लक्षात ठेवावं: या पद्धतीनं अ‍ॅप फक्त वापरणाऱ्यापुरतं जातं. मूळ प्रत फोनच्या सिस्टीममध्ये तशीच राहते. फोन रीसेट केला किंवा मोठं अपडेट आलं की परत हजर.

सोमवार, २४ नोव्हेंबर

चौथा आणि पाचवा फोन चांगले आहेत, पण कंपनीनं त्यांचे अपडेट केव्हाच थांबवलेत. शेवटचा सुरक्षा पॅच २०१९ चा. यांच्यावर लिनिएजओएस ही अँड्रॉइडचीच खुली आवृत्ती घालायचं ठरलं. २०१६ च्या अखेरीस सायनोजेनमॉड ही तशीच आधीची आवृत्ती बंद पडली तेव्हा त्याच लोकांनी हे काम पुढं नेलं. जगभरचे स्वयंसेवक जुन्या फोनांसाठी अँड्रॉइड तयार करत राहतात.

त्याआधी बूटलोडर उघडावा लागतो. बूटलोडर म्हणजे फोन चालू होताना सगळ्यात आधी जागा होणारा छोटा प्रोग्राम. पुढं कुठली सिस्टीम चालू द्यायची ते तो ठरवतो. चौथ्या फोनात ते दोन आज्ञांत झालं. पाचव्यासाठी कंपनीच्या साइटवर खातं काढा, फोनात सिम घाला, त्या खात्याला फोन जोडा, अर्ज करा आणि सात दिवस थांबा. सात दिवस कशासाठी, कुठं लिहिलेलं नाही. फोन आमच्या हातात, पेठेतल्या ज्या माणसानं दिला त्याचं बिल आमच्याकडं, आणि परवानगी तिसरीकडून. अर्ज केला.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

सहावा फोन. हा पेठेतल्या एका निवृत्त शिक्षकांचा, ते मे महिन्यात गेले. काकूंनी स्वतः आणून दिला. पुतण्यानं तो "साफ करून" दिला होता, म्हणजे बटणं दाबून रीसेट मारला होता. आता चालू केला की आधीच्या गूगल खात्याचा पासवर्ड विचारतो. पासवर्ड सरांना माहीत होता.

हे कुलूप २०१५ पासून अँड्रॉइडमध्ये आहे. चोरानं फोन पळवून रीसेट केला तरी त्याला वापरता येऊ नये म्हणून. कल्पना चांगली आहे, माझा फोन चोरीला गेला असता तर मला ते हवंच होतं. अडचण अशी की चोर आणि विधवा यांच्यात फरक करायची सोय त्या कुलपात नाही. सरांचा नंबर घरच्यांनी बंद केला, त्यामुळं ओटीपीही येणार नाही. सेवा केंद्रात विचारलं, ते म्हणाले खरेदीचं बिल आणा. काकू म्हणाल्या, "बघते हो, ट्रंकेत कागद आहेत त्यांचे. पण लगेच व्हायचं नाही माझ्याच्यानं."

इंटरनेटवर हे कुलूप चुकवायच्या युक्त्या आहेत. पोरगा म्हणाला, मारूया का? नको म्हटलं. त्या युक्त्या चोरांसाठी बनलेल्या आहेत आणि सरांच्या फोनावर मला ते करायचं नाही. बिल मिळेल तेव्हा मिळेल.

एक काम मात्र त्याच रात्री केलं. गूगल खात्यात इनअ‍ॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर म्हणून सोय आहे: ठरावीक महिने खातं वापरलं गेलं नाही तर आपण नेमलेल्या माणसाला कळतं आणि हवी ती माहिती त्याला मिळते. आण्णांच्या आणि आईच्या खात्यात ती भरली. माझ्याही.

सोमवार, १ डिसेंबर

सात दिवस संपले. पाचव्या फोनाचा बूटलोडर उघडला, लिनिएजओएस बसलं. २०१९ ला अडकलेला फोन नव्या सुरक्षा पॅचवर आला. चालायलाही हलका. पोरगा त्याच्याकडं बघतच राहिला. त्याचा स्वतःचा फोन महिन्यापूर्वी पडून फुटलाय, पडद्यावर निम्मा भाग काळा. तालमीचे वस्ताद म्हणाले, "हा त्याला दे. भरतीचा फॉर्म फुटक्या फोनावर भरतोय त्यो." दिला.

दुपारी बातमी आली. दूरसंचार विभागानं २८ नोव्हेंबरला फोन कंपन्यांना आदेश दिलाय: नव्या फोनांत संचार साथी हे सरकारी अ‍ॅप ९० दिवसांत आधीपासून घालून द्या, आणि त्यातल्या सोयी बंद करता येता कामा नयेत.

मी संचार साथीचं पोर्टल स्वतः वापरलेलं आहे. मेव्हण्याचा फोन एसटी स्टँडवर चोरीला गेला तेव्हा आयएमईआय, म्हणजे फोनाचा ओळख क्रमांक, त्यावरूनच बंद केला. कामाची गोष्ट आहे. पण मी ती मागायला गेलो होतो. आज रात्री अभ्यासिकेत यावर बराच वेळ बोलणं झालं. एक पोरगा म्हणाला, चांगलं आहे तर सगळ्यांना असू दे की. पोरगी म्हणाली, "चांगलंय तर काढायचं बटण द्यायला भीती कशाची? लोक काढणारच न्हाईत मग." याच्यापेक्षा नीट मला सांगता आलं नसतं.

बुधवार, ३ डिसेंबर

सरकारनं आदेश मागं घेतला. आठवड्याच्या आत. लोकांनी आवाज केला म्हणून. पोरांना मी सर्वोच्च न्यायालयाचा २४ ऑगस्ट २०१७ चा पुट्टस्वामी निकाल काढून दाखवला, नऊ न्यायमूर्तींचं पीठ, खासगीपणा हा मूलभूत हक्क. परीक्षेला येतोच तो. फक्त या वेळी त्यांना तो टेबलावरच्या फोनाशी जोडता आला.

रविवार, ७ डिसेंबर

आजचा दिवस वाईट गेला. नीट लिहून ठेवतो.

पोरग्याला दिलेल्या फोनात पैशाचं अ‍ॅप चालत नाही. दुधाच्या फेरीचा पगार त्याला यूपीआयनं येतो आणि त्यातले तो दर आठवड्याला घरी पाठवतो. बँकेचं अ‍ॅप उघडलं की एकच ओळ: तुमचं उपकरण सुरक्षित नाही. आणि बंद.

होतं काय तर अ‍ॅप गूगलच्या प्ले इंटेग्रिटी नावाच्या व्यवस्थेला विचारतं की हा फोन कंपनीनं दिला तसाच आहे का, बूटलोडर बंद आहे का. उत्तर नाही आलं की दार बंद. फोनात विषाणू आहे का, पॅच कुठल्या महिन्याचा आहे, हे अ‍ॅपनं विचारलंच नाही. मी खात्री करायला चौथ्याच्याच जातीचा सातवा फोन घेतला, जो अजून कंपनीच्या मूळ सिस्टीमवर आहे. शेवटचा सुरक्षा पॅच २०१९. त्यावर तेच अ‍ॅप विनातक्रार चाललं.

म्हणजे सहा वर्षं कुणी डागडुजी न केलेलं घर सुरक्षित, आणि मालकानं स्वतः नवी कडी बसवली तर ते असुरक्षित. बँकेच्या ग्राहक सेवेला फोन केला, सतरा मिनिटं थांबलो, पलीकडच्या मुलीनं शांतपणे ऐकून घेतलं आणि "सर, कंपनीचा ओरिजिनल फोन वापरा," सांगितलं. तिचा दोष नाही.

कुणी म्हणेल फसवणूक वाढलीय, बँकांनी काळजी घ्यायलाच हवी. घ्यावी. आईला बनावट वीजबिलाचे फोन येतात, मला माहीत आहे काय चाललंय. पण आईला फसवणारा माणूस तिच्याकडून ओटीपी काढून घेतो, तिचा फोन कंपनीच्या कुलपात आहे की नाही याच्याशी त्याला काही फरक पडत नाही.

शेवटी पोरग्याचा फोन परत मूळ सिस्टीमवर नेला, बूटलोडर बंद केला. अ‍ॅप चालू झालं. त्यानं घरी बाराशे रुपये पाठवले. तो "दादा, चालतंय की, काय होतंय" म्हणाला, मला बरं वाटावं म्हणून. पण मी त्याच्या हातात मुद्दाम कमी सुरक्षित फोन दिलाय आणि त्याचे पैसे त्याच फोनात आहेत. हे मला खात राहणार आहे.

रविवार, १४ डिसेंबर

वस्तादांनी खाली बोलावलं. कुस्तीच्या हौद्याजवळ बसले होते, पोरं मेहनत करून गेली होती. "बाळ, ही कुलपं काढतोस ती. ह्यात पोलिसाची भानगड न्हाय नव्हं? तालमीचं नाव हाय."

रास्त प्रश्न. कलम वाचून सांगितलं. आपल्या प्रताधिकार कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीनं ६५ए हे कलम आलं. तांत्रिक कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. पण कलमातच अट आहे, हक्कभंग करण्याच्या हेतूनं तोडलं तर. कायद्यानं मनाई न केलेल्या कामासाठी तोडलं तर ते या कलमात येत नाही. अमेरिकेत १९९८ चा कायदा याहून कडक आहे. तिथं फोन खोलण्यासारख्या कामालासुद्धा दर तीन वर्षांनी सवलत मागून घ्यावी लागते. आपल्याकडं २०२२ च्या जुलैत ग्राहक व्यवहार विभागानं दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, शेतीची अवजारं, फोन, घरातली उपकरणं आणि गाड्या असे चार विभाग धरले, डिसेंबरात पोर्टल सुरू केलं. पोर्टलवर कंपन्यांची माहिती मिळते. कायदा मात्र अजून झालेला नाही.

वस्तादांनी सगळं ऐकलं. मग विचारलं, "आणि पुस्तकं? ती कुठनं घालतोस?" प्रताधिकार संपलेली आणि सरकारनं स्वतः खुली ठेवलेली, असं सांगितलं. पाठ्यपुस्तकं बालभारतीच्या साइटवरची. त्यांनी मान हलवली. "मग कर."

शनिवार, २० डिसेंबर

पोरीनं अभ्यासिकेसाठी एक छोटं अ‍ॅप लिहिलंय. कुठला फोन कुणी घेतला, कधी ठेवला, एवढीच नोंद. फायली पाच, मराठी अक्षरं नीट दिसतात, इंटरनेट लागत नाही. पेन ड्राइव्हवरून फोनांत घातलं. तिनं लिहिलेला पहिला प्रोग्राम जो दुसऱ्या कुणी वापरला. दिवसभर येता-जाता ती बघत होती, पोरं बटण दाबतात का.

तिला एक गोष्ट सांगावी लागली. ऑगस्टमध्ये गूगलनं जाहीर केलंय की गूगलनं प्रमाणित केलेल्या अँड्रॉइड फोनांवर पुढं फक्त अशाच अ‍ॅपांना जागा मिळेल ज्यांच्या लेखकानं कंपनीकडं ओळख पटवून नोंदणी केलीय. प्ले स्टोअरबाहेरून घातलेल्यांनासुद्धा. सप्टेंबर २०२६ पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर, थायलंड, आणि २०२७ पासून बाकी जग. नोव्हेंबरात थोडी माघार आली: विद्यार्थ्यांसाठी मर्यादित खातं आणि जाणकारांसाठी वेगळी वाट ठेवू, असं कंपनी म्हणाली. ती वाट किती अरुंद असेल ते चालून बघितल्यावर कळेल.

तिनं विचारलं, "म्हणजे ह्या माडीवरच्या टेबलावर माझं अ‍ॅप चालवायला मी कॅलिफोर्नियाला ओळखपत्र पाठवायचं?" मी म्हटलं, ती विद्यार्थ्यांची सवलत मिळाली नाही तर, हो. ती काही बोलली नाही. थोड्या वेळानं तिनं अ‍ॅपचा कोड जीपीएलखाली, म्हणजे कुणालाही तो वाचता-बदलता येईल अशा परवान्याखाली, खुला ठेवायचं ठरवलं आणि परवान्याचा मजकूर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. मी वीस वर्षं संगणक वापरतोय, मी तो पूर्ण वाचलेला नव्हता.

त्यावरून तिला मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ सुरू करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमन यांची हकीकत सांगितली. तीसुद्धा प्रिंटरचीच. एमआयटीच्या प्रयोगशाळेतला प्रिंटर सारखा अडकायचा. कागद अडकला की वापरणाऱ्यांना निरोप जावा असा बदल त्यांना करायचा होता, आधीच्या प्रिंटरात त्यांनी तो केलाही होता. नव्याचा सोर्स कोड मागितला तर मिळाला नाही. १९८३ मध्ये त्यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला, कुणालाही वाचता-बदलता येईल अशी सिस्टीम घडवण्याचा. अभ्यासिकेच्या संगणकात आज जे चालतंय त्याचा मोठा भाग त्यातून आलेला आहे.

रविवार, २८ डिसेंबर

दोन फोनांच्या बॅटऱ्या फुगल्या होत्या. चिकटवलेल्या, खाली गोंदाची पट्टी. आयसोप्रोपिल अल्कोहोल थेंब थेंब सोडून, दाताच्या दोऱ्यानं हळूहळू सोडवल्या. फुगलेल्या बॅटरीला टोकदार काही लावू नये, आणि हे काम उघड्या गच्चीवर, वाळूची बादली जवळ ठेवून करावं. दोन्हींना चार तास गेले. माझ्या पहिल्या फोनात बॅटरी नखानं निघायची. युरोपात फेब्रुवारी २०२७ पासून नियम येतोय की वापरणाऱ्याला बॅटरी स्वतः बदलता आली पाहिजे. म्हणजे करता येतं. इतकी वर्षं करायचं नव्हतं.

एका फोनाला दुसऱ्याचा पडदा लावला. अस्सल, त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा. तरी अनोळखी भाग असल्याची सूचना आली आणि उजेडानुसार पडदा मंद होणं बंद झालं. भागाचा नंबर मदरबोर्डाशी बांधलेला असतो. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यानं २०२४ मध्ये या बांधण्याला मनाई करणारा कायदा केला. मदरबोर्ड तसाच, म्हणून सूचना दिसते, पण वाचायला अडत नाही.

रविवार, ४ जानेवारी २०२६

प्रिंटर मिळाला. लक्ष्मीपुरीतलं एक जुनं अडत दुकान बंद झालं, त्यांच्याकडचा जाड, राखाडी, यूएसबीचा. वायफाय नाही. काट्रिजवर चिप नाही. बाजूचं झाकण चार स्क्रूंवर. कागद ओढणारा पिकअप रोलर गुळगुळीत झाला होता, काढून घासून बसवला. ड्रम नवा घातला, बाजारात मिळतो. डेबियनला जोडला, कप्स या छपाई सांभाळणाऱ्या प्रोग्राममुळं सगळ्या फोनांना दिसायला लागला.

पहिल्या संध्याकाळी एकशे चाळीस पानं. रिफिलवाला स्वतः बघायला आला होता, रोलरवर बोट फिरवून म्हणाला, "असले आता बनवत न्हाईत." पुढची दोन रिफिलं तो फुकट भरून देणार आहे. चिपवाला प्रिंटर कोपऱ्यात ठेवलाय. त्याची मोटार, गियर, पॉवर सप्लाय चांगले आहेत. पोरगी त्यातनं काहीतरी करायचं म्हणतेय.

सोमवार, १२ जानेवारी

सुट्टी. दोघांना घेऊन खरी कॉर्नरला चालत गेलो. तिथल्या कॅमेऱ्याच्या स्तंभापुढून ती रोज जातात, कधी थांबली नव्हती. आनंदराव आणि बाबूराव पेंटर, नाटकांचे पडदे रंगवणारी माणसं. सिनेमा बघितला आणि आपणही करायचा असं डोक्यात घेतलं. परदेशी कॅमेरा परवडणारा नव्हता. जुना प्रोजेक्टर मिळवला, तो खोलून आतली रचना समजून घेतली आणि त्यावरून कॅमेरा बनवायला घेतला. आनंदराव १९१६ ला गेले. बाबूरावांनी काम सोडलं नाही. कोल्हापुरातच भाग घडवून कॅमेरा पुरा केला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. कोल्हापूरचा सगळा सिनेमा त्यातून आला.

पोरग्यानं विचारलं, "त्या प्रोजेक्टरला आपल्या प्रिंटरासारखं असतं तर?" आम्ही तिघं काही वेळ तिथंच उभे होतो. मग चहा घेतला आणि परत आलो.

रविवार, १८ जानेवारी

काकू आल्या. ट्रंकेत बिल सापडलं. सरांनी ते वॉरंटी कार्डासकट, प्लॅस्टिकच्या पिशवीत, मागं खरेदीची तारीख स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवलं होतं. बिल, मृत्यूचा दाखला आणि काकूंचं ओळखपत्र घेऊन दुपारी सेवा केंद्रात गेलो. पावणेदोन तास. अर्ज घेतला. पंधरा ते वीस दिवस लागतील म्हणाले, होईलच असं सांगता येत नाही म्हणाले.

रिक्षात काकूंनी विचारलं, "उघडला तर त्यांचे फोटो असतील का हो आत?" रीसेटमध्ये फोनातले गेले असणार, हे खरं ते सांगितलं. खात्यात वर ठेवले असतील तर गूगलकडं वारसांसाठी वेगळा अर्ज करता येतो, तो आपण भरू, तेही सांगितलं. काकू म्हणाल्या, "फोटोंचा अर्ज मला भरून द्या. फोन पोरांनाच राहू दे."

सात फोनांपैकी पाच टेबलावर आहेत, एक पोरग्याकडं, एक केंद्रात. वारसाच्या अर्जासाठी काय कागद लागतात ते उद्या काढायचं. केंद्राची पावती संगणकामागच्या खिळ्याला अडकवलीय आणि अर्जाचा नंबर पोरीनं फळ्यावर लिहिलाय, पुसू नका असं खाली लिहून.